दुसऱ्या मजल्यावरचा फिल्म ग्रुप

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही दादरला एक छोटा फिल्म ग्रुप चालवतो. वीस-पंचवीस जण आहोत, कोणी शॉर्टफिल्म करतं, कोणी एडिटिंग, कोणी जाहिरातीत असिस्टंट आहे. महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या वडिलांच्या ऑफिसमध्ये भेटतो, एकमेकांच्या फिल्म बघतो, त्यावर भांडतो, मग खाली टपरीवर चहा. ऑफिस जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मध्यंतरी व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी आली होती, एडिटर आहे, स्वतःच्या दोन फिल्म केल्यात. आम्ही चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती परत आली नाही. एक कर्णबधिर कॅमेरामन मुलगा येतो, पण चर्चा सुरू झाली की मोबाईल बघत बसतो. आता ग्रुपमध्ये दोन मतं आहेत. काही जण म्हणतात एक-दोन जणांसाठी किती करायचं आणि पैसे कुठून आणायचे. काही म्हणतात ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, त्यांच्यासाठी एक स्पेशल स्क्रीनिंग ठेवू. मला दोन्ही पटत नाहीये पण मग काय करायचं तेही कळत नाही. पैसे खरंच नाहीत.
– अमेय, दादर

उत्तर:

अमेय,

आधी त्या टाळ्यांबद्दल बोलू, कारण ती मुलगी का आली नाही याचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतंय. ती फिल्मवाली म्हणून आली होती ना, मग टाळ्या तिच्या फिल्मनंतर पडायला हव्या होत्या, जिन्यावर कशाला? तुम्ही वाईट मुलं नाही, मनापासूनच केलंत, पण एकदा तिच्या जागी बसून तो जिना चढून बघ. चार अनोळखी मुलगे, कोणाचा हात कुठे लागतोय कळत नाही, एकाने चाक धरलंय जे हातात फिरू शकतं, एकाने आर्मरेस्ट धरलाय जो बऱ्याच खुर्च्यांमध्ये वर ओढला की सरळ निघून येतो, खाली बघितलं तर जिन्याचं वळण, आणि एवढं होऊन वर पोचल्यावर हसून थँक्यू म्हणायचं. मग पुढचे दोन-तीन तास. तेवढ्या वेळात माणसाला बाथरूमला जावं लागतं. जुन्या बिल्डिंगमधलं टॉयलेट म्हणजे बहुतेक वेळा अर्ध्या मजल्यावर, दोन पायऱ्या चढून, दार आत उघडणारं, आत व्हीलचेअर सोडच, मी कुबडी घेऊन नीट वळू शकत नाही. मग तिने परत त्या चौघांना हाक मारायची का, की चला रे, आता मला बाथरूमला न्या? नाही मारणार. ती दुपारपासून पाणीच पिणार नाही. मी स्वतः पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालते, डबिंगच्या कामात बरीच वर्षं गेली, आणि माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक अपंग बाईला हे पाणी न पिण्याचं गणित पाठ आहे, शूटिंग असो, लग्न असो की लांबचा प्रवास. डोक्यात हे गणित चालू असताना समोरची फिल्म काय दिसणार कप्पाळ.

तर उचलणं बंद, जागा बदला. हे माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं उत्तर आहे, बाकी सगळं त्यानंतर. मला माहितीये ते ऑफिस फुकट मिळतं, तिथे तुमचा प्रोजेक्टर लावलेला आहे, सवय झालीये. पण आपल्याकडे प्रायोगिक नाटकाचा विषय निघाला की आजही लोक छबिलदासचं नाव काढतात, तुमच्या दादरमधल्याच एका शाळेचा हॉल, सत्तरच्या दशकात तिथे जी माणसं जमली त्यांनी पुढे मराठी नाटकाचं काय केलं हे सगळ्यांना माहितीये. म्हणजे त्या खोलीत कोण येऊ शकलं यावरून पुढे वर्षानुवर्षं कोण काम करणार ते ठरत जातं. तुमची खोलीसुद्धा लहान प्रमाणात तेच करतेय, फक्त दोन जिने चढून येणाऱ्यांसाठी.

जागा कुठे शोधायची, तर शाळेतला तळमजल्यावरचा वर्ग, वाचनालयाचा हॉल, एखाद्याच्या सोसायटीचं क्लबहाऊस, कॉलेजची एव्ही रूम, मंडळाचं ऑफिस. दादर-माटुंगा-माहीम पट्ट्यात अशा जागा आहेत आणि महिन्यातून एक दुपार म्हटलं तर बरेच जण नाममात्र पैशात देतात, प्रश्न विचारायचा असतो. पण फोनवर ‘रॅम्प आहे का’ एवढंच विचारू नको, कारण उत्तर नेहमी ‘हो हो, आहे ना’ असंच येतं. मग जाऊन बघितलं की तो रॅम्प मागच्या बाजूला, भांडी आणि सिलेंडर चढवायला केलेला, घसरगुंडीसारखा, आणि वर टोकाला टाळं. एका स्टुडिओत मला सांगितलं होतं की सगळी सोय आहे, तिथे पोचल्यावर ती सोय म्हणजे वॉचमन निघाला. त्यामुळे टेप घेऊन स्वतः जायचं. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. साधी पायरी सहा इंचाची धर, दारात तीन पायऱ्या असतील तर दीड फूट झाला, अठरा फुटांचा रॅम्प लागणार, आणि ‘एक फळी टाकू ना ताई’ वाल्यांना हे गणित तिथल्या तिथे करून दाखव. एकच पायरी असेल तर मात्र सहा फुटी फोल्डिंग रॅम्पने काम भागतं. दार साधारण नव्वद सेंटीमीटर मोकळं हवं, दार उघडल्यावर उरणारी जागा मोजायची, चौकट नाही. लिफ्ट असेल तर ती तळमजल्यापासून सुरू होते की पाच पायऱ्या चढल्यावर, हे बघ, मुंबईच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये हा विनोद सर्रास असतो. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची बसते का तेही मोजून बघ. आणि टॉयलेट, टॉयलेट, टॉयलेट. दार बाहेर उघडतं का, आत खुर्ची वळायला दीड मीटरची जागा आहे का, धरायला दांडी आहे का, आणि तिथे झाडू-बादल्यांचं गोडाऊन केलेलं नाही ना. टॉयलेट नसेल तर ती जागा नाही मिळाली असंच समजायचं.

हे सगळं शंभर टक्के जमणार नाही, मुंबई आहे. पण जे आहे ते खरं सांगायचं. गेटपासून खुर्चीपर्यंतचा एक मिनिटाचा मोबाईल व्हिडिओ काढायचा, टॉयलेटचं दार उघडून आत फिरवायचा, आणि आमंत्रणासोबत पाठवायचा. त्यावरून आमचं आम्ही ठरवतो. कुठे काय आहे हे आधी कळलं तर अर्धी कसरत वाचते, दारात पोचून परत फिरण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

आता वेळ. रविवार संध्याकाळ तुम्हाला सोयीची वाटते कारण सुट्टी आहे, पण रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या. धडधाकट माणूस ब्लॉक असला की पुलावरून धावत दुसरी गाडी पकडतो. अपंगांच्या डब्याने जाणाऱ्याला तो डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे येतो त्यावर सगळा प्रवास बेतावा लागतो, दृष्टिहीन प्रवासी तर तिथल्या बीप-बीप आवाजावर उभे असतात, आणि ऐनवेळी ‘गाडी प्लॅटफॉर्म क्रमांक अमुकवर येईल’ झालं की संपलं. टॅक्सी म्हणशील तर काळीपिवळीची डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली असते, घडी न होणारी खुर्ची त्यात जात नाही, आणि तुमच्या दादरला रिक्षा येत नाही. मेट्रोला लिफ्ट आहेत, आता मेट्रो ३ दादरवरून जाते, पण स्टेशनच्या कुठल्या बाजूच्या गेटला लिफ्ट आहे आणि तिथून हॉलपर्यंतचा फूटपाथ खोदलेला आहे की कसं ते कोणीतरी आदल्या दिवशी चालून बघा. शनिवारी दुपारी बाराला सुरू करून चारला संपवलं तर गर्दीच्या आधी माणसं परततात. पावसाळ्यात सरळ ऑनलाइन घ्या, जून ते सप्टेंबर. आणि इतर महिन्यांतही एक लॅपटॉप लावून व्हिडिओ कॉल चालू ठेवा, कारण काहींना घराबाहेर पडणं हीच त्या दिवसाची सगळी ताकद असते. लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाला ऑनलाइन जमलं होतं, उठल्याबरोबर विसरलो आपण.

तो कर्णबधिर मुलगा. तो मोबाईल का बघतो विचारतोस? अरे दुसरं काय करेल. वीस जण एकदम बोलतायत, अर्धे अंधारात, कोणाचे ओठ दिसत नाहीत, कोणी हसलं की त्याला कळत नाही कशावर, आणि बाजूचा माणूस पाच मिनिटांच्या भांडणाचं सार ‘काही नाही रे, एंडबद्दल चाललंय’ असं टाईप करून दाखवतो. तरी तो येतो, म्हणजे त्याला सिनेमाची किती हौस आहे बघ. आधी त्याला विचार की तुला काय सोयीचं आहे, कारण सगळे डेफ लोक एकसारखे नसतात, कोणी मशीन लावून थोडं ऐकतं, कोणी ओठ वाचतं, कोणाची पहिली भाषाच साइन लँग्वेज असते आणि लिखित मराठी ही त्याच्यासाठी शाळेत शिकलेली दुसरी-तिसरी भाषा असते. त्यामुळे ‘सबटायटल टाकली की झालं’ हे नेहमी खरं नसतं.

तरीपण सबटायटल टाकायचीच. नियम करा, कॅप्शनशिवाय फिल्म दाखवली जाणार नाही, कोणाचीही. मराठी फिल्मला मराठी कॅप्शन, इंग्रजी फेस्टिवलवाली वेगळी. आणि नुसते संवाद नाही, आवाजही लिहायचे, मागून कुकरची शिट्टी येते आणि त्यामुळे बाई दचकते, तर शिट्टी लिहायला नको? ऑटोमॅटिक कॅप्शन मराठीत आडनावांचा आणि शिव्यांचा जो काय कचरा करतात तो हाताने साफ करायला लागतो, पंधरा मिनिटांच्या फिल्मला एक संध्याकाळ. कॅप्शन पडद्यावरच छापलेली ठेवा, वेगळ्या यंत्रावर नकोत. अमेरिकेतल्या २०२३ च्या सनडान्स फेस्टिवलमध्ये काय झालं माहितीये ना, ज्युरीवर मार्ली मॅटलिन होत्या, ऑस्कर मिळालेल्या डेफ अभिनेत्री, त्यांना दिलेलं कॅप्शनचं छोटं यंत्र ऐन शोमध्ये चालेना, तेव्हा त्यांच्यासोबतचे ज्युरी मेंबरसुद्धा उठून बाहेर गेले. एवढं मोठं फेस्टिवल, आणि अडलं कुठे तर बंद पडलेल्या डबीवर. मला त्यात त्या सोबत उठलेल्या ज्युरींचं कौतुक वाटतं. तिला दिसत नसेल तर आम्हीपण बघणार नाही, इतकं साधं.

चर्चेसाठी साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर, म्हणजे बोललेलं खुणांच्या भाषेत सांगणारा. हा खरा खर्च आहे, लपवण्यात अर्थ नाही, आणि तासाभरापेक्षा जास्त कार्यक्रम असेल तर दोन जण लागतात, वीसेक मिनिटांनी आलटून पालटून करतात, कारण ते डोक्याचं काम आहे, थकवतं. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटिंगचा कोर्स चालतो, तिथे जाऊन विचारा. शिकणारी मुलं हौसेने येतात पण त्यांना फुकट राबवू नका, प्रवासखर्च आणि मानधन द्या. ज्या महिन्यात तेवढे पैसे नसतील त्या महिन्यात निदान मोठ्या स्क्रीनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखं, बोललेलं लगेच टाईप करून दाखवणारं, अ‍ॅप लावा, मराठीत चालतं, चुका करतं पण शून्यापेक्षा बरं, आणि बोलताना एकच माइक फिरवा, ज्याच्या हातात माइक तोच बोलणार. लाइट लावून बोला. आणि खरं सांगू का, या माइकमुळे तुमच्या ग्रुपमधले जे दोघं-तिघं दर वेळी सगळ्यांना दाबून बोलतात ना (असतातच), ते आपोआप गप होतील, हा फायदा डेफ मुलाच्या खात्यावर मांडा.

तू पत्रात दृष्टिहीन कोणाचा उल्लेख केला नाहीस, पण येतील. आणि ‘ते फिल्म कशी बघणार’ असं तुमच्यातला कोणीतरी म्हणणारच, तर त्याला सांग की आत्ताही बघतात, शेजारी बसलेली बहीण कानात सांगते, फक्त बहीण नेहमी चांगली लेखिका नसते. संवादांच्या मधल्या जागेत काय दिसतंय ते थोडक्यात सांगणं म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन. आपल्या शॉर्टफिल्मला ते लिहून बघ, तुलाच कळेल कुठला शॉट उगाच घेतलाय, कारण त्याबद्दल सांगण्यासारखं काही सापडत नाही. लिहिलेलं एखाद्या दृष्टिहीन माणसाला ऐकवून घ्या, मानधन देऊन. धोबी तलावला झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, वरळीला नॅब ही दृष्टिहीनांची संस्था आहे, सुरुवात तिथून करता येईल. आणि एक बारीक गोष्ट जी आपल्या मराठी लोकांनाच लागू आहे: स्क्रिप्ट युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाईप होतं त्या मराठीत, पाठवा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं स्क्रिप्ट स्क्रीन रीडरला, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, निव्वळ अगम्य अक्षरं, आणि आपल्या नाटक-सिनेमावाल्यांकडे अजून तशा फाइली फिरतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही जे सुंदर पोस्टर टाकता तेसुद्धा चित्र असतं, त्यातली तारीख-वेळ-पत्ता त्यांच्या फोनला वाचता येत नाही, खाली तोच मजकूर टाईप करून टाका. शून्य रुपये खर्च.

न दिसणाऱ्या गोष्टी पण असतात, ऑटिझम, एपिलेप्सी, मानसिक आजार, काय काय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांच्यासाठी फार काही नाही, आवाज थोडा कमी, एक-दोन लाइट चालू, मध्येच उठून गेलं तर कोणी वळून बघायचं नाही, बाहेर एक शांत कोपरा, आणि फिल्ममध्ये भराभर फ्लॅश होणारा लाइट असेल तर आधी सांगायचं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश असतील तर काहींना फिट येऊ शकते.

आता ३ डिसेंबर. नको. का नको ते सांगते. अशा कार्यक्रमात काय होतं मला तोंडपाठ आहे, शाल, श्रीफळ, ‘यांच्याकडून आपण शिकायला हवं’, मग फिल्म संपल्यावर सगळे ‘खूपच प्रेरणादायी’ म्हणतात आणि एकही माणूस म्हणत नाही की बाई, तुझा दुसरा सीन लांबलाय. तुमच्या ग्रुपमध्ये तुम्ही एकमेकांच्या फिल्म फाडता ना? मग तिचीपण फाडा. तीच इज्जत आहे. ती एडिटर आहे, तिला टायमिंगवर भांडायचंय, हारतुरे नकोयत. आणि तिची फिल्म अपंगत्वावर असेलच असंही नाही, ती हॉरर करत असेल, लफड्यांवर करत असेल.

‘पण अशा माणसाला सेटवर काम कसं जमणार’ हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांना एफटीआयआयची, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, केस सांग. रंगांधळेपणामुळे एका विद्यार्थ्याला एडिटिंगच्या कोर्सला प्रवेश नाकारला होता, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की रंगांधळ्या मुलांना सगळे कोर्स खुले करा, कलर ग्रेडिंगचा, म्हणजे फिल्मचे रंग जुळवण्याचा, भाग वगळा किंवा ऐच्छिक करा. सिनेमा हे टीमचं काम आहे, एकाला एक गोष्ट जमत नसेल तर दुसरा ती करतो, डिरेक्टरला कुठे स्वतः फोकस ओढता येतो.

मग करायचं काय, तर तिला आणि त्या मुलाला ठरवणाऱ्यांमध्ये घ्या. पुढच्या तीन महिन्यांच्या फिल्म कोण निवडणार? ती निवडू दे. चर्चा कोण चालवणार? तो चालवू दे, इंटरप्रिटर घेऊन. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये डॉक्युमेंटरी करणाऱ्या अपंग फिल्ममेकर्सनी २०१८ मध्ये एफडब्ल्यूडी-डॉक नावाची संघटना काढली, ती चालवतात ते स्वतः, आणि २०२१ मध्ये त्यांनी इंडस्ट्रीसाठी एक टूलकिट काढलं. तिकडे बरेच जण कामाच्या आधी ‘अ‍ॅक्सेस रायडर’ पाठवतात, म्हणजे मला काय लागतं याचं एक साधं पान, जसं एखादा गायक सांगतो की मला तानपुरा अमुक पट्टीत हवा. तुम्हीपण आमंत्रणाच्या फॉर्ममध्ये सगळ्यांनाच एक प्रश्न टाका, तुला नीट सहभागी होता यावं म्हणून काय लागेल? सगळ्यांना, फक्त त्या दोघांना नाही. बघ कोणकोण काय लिहितं. कोणीतरी लिहील की मला सहाची लोकल पकडायची असते, लहान मूल आहे.

आणि टपरी. हे तुझ्या लक्षातही आलं नसेल, पण पत्र वाचताना मी तिथेच थांबले. काम कुठे मिळतं रे? फिल्मवर चर्चा होते वरती, पण ‘अरे पुढच्या आठवड्यात एक शूट आहे, येतोस का’ हे होतं खाली टपरीवर. तिला वरून उतरवेपर्यंत निम्मे निघून गेलेले असणार, आणि टपरीची पायरी, गटाराची फळी, उभ्या-उभ्या चहा. डेफ मुलाला तर त्या गोंगाटात काहीच नाही. म्हणजे ज्या अर्ध्या तासात कामं वाटली जातात तिथे हे दोघं नसतातच. चहा हॉलमध्येच मागवा. थर्मास आणा. आणि ज्याला माणूस हवाय त्याने ते ग्रुपवर लिहून टाकावं, पैसे किती देणार त्यासकट.

पैशाचं. जागेचं भाडं, इंटरप्रिटर, चहा, एवढाच खर्च आहे खरा. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे काढा, ज्याला जमत नाही त्याने नाही काढायचे. यातला इंटरप्रिटरचा पैसा आधी बाजूला काढायचा, उरलेल्यात पोस्टर आणि बिस्किटं, उलटं नाही. आणि तुमच्यापैकी कोणाच्या फिल्मला निर्माता मिळाला तर बजेटमध्ये कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनची ओळ पहिल्या दिवसापासून टाका. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये थिएटरमधल्या फिल्मसाठी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, म्हणजे आज ना उद्या करावंच लागणार आहे, आत्ता शिकून ठेवलंत तर ते काम बाहेर विकतासुद्धा येईल. तिला मात्र ‘तूच सांग ना आम्हाला काय काय करायचं’ असं म्हणून फुकटची सल्लागार करू नका. सल्ला हवा असेल तर मानधन द्या.

हॉलचा मॅनेजर कटकट करायला लागला तर कायद्याचं नाव घ्यायला हरकत नाही. सार्वजनिक सेवा देणाऱ्या खाजगी जागांनासुद्धा २०१६ चा कायदा लागू होतो, त्याच्या कलम २९ मध्ये अपंग कलाकार आणि लेखकांना पाठबळ द्यायचं सरळ लिहिलंय, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. पण पहिल्या भेटीत वाघासारखं जाऊ नको. आधी विचार की ते टाळं उघडता येईल का.

‘एक-दोन जणांसाठी किती करायचं’ वाल्यांशी फार वाद घालू नको. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर अपंग लोक मोजले गेलेत. ते तुमच्याकडे दोनच दिसतात कारण जिना दोन मजल्यांचा आहे. एवढं सांग आणि हॉल बघायला त्यांनाच पाठव, हातात टेप दे.

आता तिला काय लिहायचं, कारण मला वाटतं तू तिथेच अडकलायस. लांबलचक माफीनामा नको, तो वाचून तुझी समजूत घालायचं काम परत तिच्यावर पडतं. असं काहीतरी लिही:

‘हाय, अमेय बोलतोय, दादरच्या फिल्म ग्रुपमधून. त्या दिवशी तुला न विचारता जिन्यावरून उचलून नेलं ते चुकलं आमचं. आता आम्ही तळमजल्यावरची जागा घेतली आहे, गेटपासून टॉयलेटपर्यंतचा व्हिडिओ सोबत पाठवतोय. तुझी दुसरी फिल्म दाखवायची आहे आणि त्यावर बोलायचं आहे. पुढच्या तीन महिन्यांच्या फिल्म निवडायला दोघं-तिघं हवेत, त्यात तू असशील तर आवडेल. तुला अजून काय लागेल ते सांग. यायचं नसेल तरी चालेल, ऑनलाइनची लिंक वेगळी पाठवतो.’

जागा पक्की झाल्याशिवाय हा मेसेज पाठवू नको. आणि ती ‘नाही’ म्हणाली, किंवा काहीच उत्तर आलं नाही, तर एकदाच पाठवून गप बस, मागे लागू नको. जागा मात्र बदललेलीच ठेवा.